मॅग्नेशियमचा पहारा

मिठागरातून आलेले जाडे मीठ पावसाळ्यात बरणीतच पाझरू लागते, हे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड इतक्या सहजासहजी ओल धरत नाही. हा गुण मिठाच्या सोबतीने आलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा. साबणाचा फेस होऊ न देणाऱ्या दुष्फेन पाण्यातही कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असतेच. थोडक्यात, घरगुती व्यवहारात या मूलद्रव्याशी आपली गाठ पडते ती उपद्रवी म्हणूनच.

समुद्रात मात्र त्याच्याकडे एक मोठे काम आहे. सागरजलातील आयन मोजले तर क्लोराइड आणि सोडियम यांच्या खालोखाल तिसरा क्रमांक मॅग्नेशियमचा लागतो. कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे सुमारे पाच आयन! प्रवाळ, शंख, शिंपले यांची घरे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. प्रवाळांना तर आपल्या सांगाड्यासाठी मॅग्नेशियम जवळजवळ लागतच नाही. मग एवढ्या मॅग्नेशियमचा त्यांना उपयोग काय? हा प्रश्न सुटायला शंभराहून अधिक वर्षे लागली. उत्तर सागररसायनाच्या प्रयोगशाळांत मिळाले, आणि घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींना त्याचा रोजच्या रोज पडताळा आला. त्या शोधाची हकीकत या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

कडू मिठापासून सुरुवात

इंग्लंडमध्ये लंडनच्या दक्षिणेस एप्सम नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात तेथील झऱ्याचे कडवट पाणी रेचक म्हणून प्रसिद्ध झाले. त्या पाण्यातून निघणाऱ्या कडू क्षारावर नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने १६९५ मध्ये एक पुस्तिका लिहिली. हेच एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आज आपल्याकडे शेतीच्या दुकानात ते पिशवीने विकत मिळते.

१७५५ मध्ये एडिंबरा येथे जोसेफ ब्लॅक यांनी या क्षारापासून मिळणारा ‘मॅग्नेशिया’ चुन्याहून अगदी निराळा पदार्थ आहे, हे प्रयोगांनी दाखवले. चुनखडी भाजून पाण्यात टाकली की चुन्याची निवळी तयार होते. भाजलेल्या मॅग्नेशियाची अशी निवळी होत नाही. एका दृष्टीने पाहिले तर आपल्या कथेतील दोन्ही पात्रे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, येथे प्रथम वेगवेगळी उभी राहिली. मॅग्नेशियम धातू मूलद्रव्याच्या रूपात वेगळा करण्याचे श्रेय हंफ्री डेव्ही यांचे, वर्ष १८०८.

१८१९ मध्ये अलेक्झांडर मार्सेट यांनी निरनिराळ्या समुद्रांच्या पाण्याची तपासणी करून एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. पाणी कमीअधिक खारे असेल, पण त्यातील क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. हे प्रमाण पुढे आपल्याला वारंवार लागणार आहे.

काचेच्या भांड्यातील पहिली पोवळी

१८४६ मध्ये अॅना थाइन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून काही जिवंत प्रवाळे लंडनला आणली. ही प्रवाळे थंड पाण्यात एकेकटी राहणारी, पण कठीण सांगाड्याची होती. लंडन समुद्रापासून दूर, त्यामुळे पाणी वरचेवर बदलणे अशक्य. तेव्हा एका भांड्यातील पाणी दुसऱ्यात उंचावरून ओतायचे, पुन्हा पहिल्यात ओतायचे, असा उपक्रम घरात रोज चालू झाला. पाण्यात हवा मिसळावी हा हेतू. पुढे त्यांनी भांड्यात सागरी वनस्पतीही ठेवल्या. अशा रीतीने प्रवाळे सुमारे तीन वर्षे राखली गेली. ओतण्याचे कष्ट अर्थातच मोलकरणीच्या वाट्याला आले. विज्ञानाच्या इतिहासात अशा हातांची नावे सहसा सापडत नाहीत.

समुद्राचे पाणी आणण्याचा खर्च टाळायचा तर ते घरीच का बनवू नये, असा विचार निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनी केला. १८५४ मध्ये त्यांनी आपली कृती प्रसिद्ध केली. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे श्वाइट्झर यांनी केलेले पृथक्करण त्यांच्यापुढे होते. त्या यादीतून गॉस यांनी चारच क्षार निवडले : साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. कॅल्शियम सल्फेट पाण्यात नीट विरघळत नाही आणि कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण अगदीच नगण्य, म्हणून हे दोन्ही त्यांनी वगळले.

गॉस यांच्या पाण्यात सागरी शैवाले आणि काही प्राणी जगले, त्यामुळे कृती यशस्वी ठरली. पण आज ती वाचताना गंमत वाटते. त्यांनी मॅग्नेशियम भरपूर घातले आणि कॅल्शियम मुद्दाम वगळले. लंडन परिसरातील पाणी मुळात चुनखडीच्या प्रदेशातले, दुष्फेन. थोडेफार कॅल्शियम त्यातूनच मिळाले असणार. परंतु अशा पाण्यात प्रवाळाचा सांगाडा वाढणे कठीण. दीडशे वर्षांनंतरच्या हौशी मंडळींकडून नेमकी उलटी गोष्ट घडली. ती कॅल्शियम काळजीने मोजत आणि मॅग्नेशियमकडे मात्र दुर्लक्ष करीत.

चॅलेंजरच्या बाटल्या

‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या महासागरांतून फिरले. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण ग्लासगो येथे विल्यम डिटमार यांनी केले आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या काळी मॅग्नेशियम मोजायचे म्हणजे त्याचा अमोनियम फॉस्फेटशी अवक्षेप पाडायचा, तो गाळायचा, धुवायचा, तापवायचा आणि शेवटी तोलायचा. हे काम प्रत्येक नमुन्यासाठी करून डिटमार यांनी मार्सेट यांचे म्हणणे पक्के केले.

आजच्या मोजणीनुसार, हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या सागरजलाच्या एका लिटरमध्ये सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वजनात ही तिप्पट दिसते. पण मॅग्नेशियमचा अणू कॅल्शियमच्या अणूहून हलका आहे (अणुभार २४.३ आणि ४०.१), म्हणून आयनांच्या संख्येत मॅग्नेशियम पाचपट भरते, अचूक सांगायचे तर ५.२ पट. वर्गात अणुभाराचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

न पडणारा चुना

आता मुख्य कोडे. पाण्यात एखादा पदार्थ मावेल तितका विरघळला की द्रावण संपृक्त होते. त्याहून जास्त असेल तर जास्तीचा भाग खाली बसायला हवा. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठजलात मात्र कॅल्शियम कार्बोनेट संपृक्ततेच्या कितीतरी पुढे असते. अरॅगोनाइट या खनिजरूपाचा हिशेब केला तर सुमारे तीन-चार पट, आणि कॅल्साइटचा केला तर त्याहूनही अधिक. तरीही समुद्र नितळ राहतो. चुना खाली का पडत नाही?

कॅल्साइट आणि अरॅगोनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे, फरक आयनांच्या रचनेत. नेहमीच्या तापमानाला कॅल्साइट अधिक स्थिर. साध्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचा अवक्षेप पडला तर शेवटी तेच तयार होते. समुद्रातील प्रवाळे मात्र अरॅगोनाइटचे सांगाडे बांधतात.

याचा उलगडा हळूहळू झाला. १९६२ मध्ये गॅरेल्स आणि थॉम्पसन यांनी सागरजलाचे एक रासायनिक प्रतिरूप मांडले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सागरजलातील कार्बोनेट आयनांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मॅग्नेशियमशी जोडी जमवून असतात. फक्त ९ टक्के मोकळे असतात. म्हणजे कॅल्शियमला भेटण्याआधीच बहुतेक कार्बोनेट अडकलेले.

एवढ्याने मात्र कोडे सुटत नाही, कारण ही जोडी हिशेबात धरूनही समुद्र अतिसंपृक्तच ठरतो. १९६५ मध्ये अमेरिकेतील रिकार्डो पिट्कोविच यांनी सागरजलात कार्बोनेट वाढवून चुना खाली बसायला किती वेळ लागतो, हे मोजले. मॅग्नेशियम असलेल्या पाण्यात तो वेळ फार लांबत गेला. मॅग्नेशियम नसलेल्या पाण्यात अवक्षेप चटकन पडला. १९७५ मध्ये रॉबर्ट बर्नर यांनी दाखवले की मॅग्नेशियम कॅल्साइटच्या स्फटिकाची वाढ रोखते, अरॅगोनाइटच्या वाढीवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. मॅग्नेशियमचा आयन कॅल्शियमहून लहान. तो आपल्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून बसतो. कॅल्साइटचा कण वाढू लागला की हा आयन त्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियमच्या जागी जाऊन चिकटतो. त्याचा आकार निराळा असल्याने रचनेत ताण येतो, कण अधिक विद्राव्य होतो आणि वाढ खुंटते. अरॅगोनाइटच्या रचनेत मोठ्या आयनांना जागा असते. त्यात मॅग्नेशियम शिरतच नाही, म्हणून अडवणूकही होत नाही.

समुद्रातील मॅग्नेशियमचे काम म्हणजे पहाऱ्याचे. चुना नुसता कोठेही पडून वाया जाऊ नये, तो पाण्यात शिल्लक राहावा आणि ज्या सजीवाला हवा त्याने तो आपल्या पेशींच्या बळावर काढून घ्यावा, अशी सोय त्याच्यामुळे होते. पहारेकरी धान्य खात नाही. म्हणून कोठाराच्या हिशेबात तो दिसत नाही, इतकेच.

निवळी आणि तिची मर्यादा

कठीण सांगाड्याची उष्ण समुद्रातील प्रवाळे दीर्घकाळ सांभाळण्यात मोठे यश आले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. न्यू कॅलेडोनिया बेटावर नूमेआ येथे रेने कातालां यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय सुरू केले. तेथे समुद्राचे ताजे पाणी सतत वाहत ठेवून प्रवाळे वाढवली गेली. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातून आणलेले जीवजंतूंसह दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे. दोन्ही ठिकाणी समुद्र हाताशी होता. पाण्याच्या रसायनाची काळजी समुद्रच घेत होता.

युरोपातील समुद्रापासून दूरच्या शहरांत ही सोय नव्हती. बंद टाकीत प्रवाळे वाढू लागली की कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही घटत जातात. ती भरून काढण्यासाठी पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. आपल्या वर्गात फुंकर मारून दुधाळ करतो तीच ही निवळी. टाकीत उडून गेलेल्या पाण्याच्या जागी ती थेंब थेंब सोडायची. तिच्यातून कॅल्शियम मिळते आणि हायड्रॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन बायकार्बोनेट व कार्बोनेटही मिळतात. सांगाड्यासाठी ज्या प्रमाणात दोन्ही लागतात त्याच प्रमाणात ती परत येतात. बर्लिनमधील हौशी मंडळींनी १९८० च्या दशकात या पद्धतीवर झपाट्याने वाढणारी प्रवाळे जोपासली.

मात्र काही टाक्यांत एक विचित्र अनुभव येई. कॅल्शियम घालावे, ते वाढू नये. क्षारता वाढवावी, ती दोन दिवसांत उतरावी. पाणी तापवणाऱ्या कांडीवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा थर बसावा. घातलेला चुना प्रवाळांकडे न जाता यंत्रावर जात होता. उष्णतेने कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता घटते, म्हणून थर सर्वांत आधी तापलेल्या कांडीवर दिसतो. अशा टाक्यांत मॅग्नेशियम मोजले की ते बरेचदा कमी निघे. पहारा ढिला पडला होता.

मॅग्नेशियम जाते कोठे? प्रवाळांच्या सांगाड्यात हजार कॅल्शियम आयनांमागे मॅग्नेशियमचे जेमतेम चार-पाच आयन असतात. पण टाकीतील दगडांवर गुलाबी-जांभळा कठीण थर देणारी चूर्णमय लाल शैवाले वेगळी. त्यांच्या कॅल्साइटमध्ये दर शंभर धातू-आयनांमागे दहा ते वीस मॅग्नेशियमचे असू शकतात. निवळीतून हे नुकसान भरून येत नाही. चुन्यात अशुद्धी म्हणून मॅग्नेशियम असले तरी निवळीच्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात ते हायड्रॉक्साइडच्या रूपाने तळाशी बसते, आणि आपण वरचे नितळ पाणी घेतो. शिवाय बाजारातील काही तयार सागरी मिठांत ते मुळातच कमी भरे. अशा रीतीने महिनोन्‌महिने हळूहळू घट होत जाते. २००३ मध्ये अमेरिकन रसायनज्ञ रँडी होम्स-फार्ले यांनी या विषयावर मत्स्यालयधारकांसाठी सविस्तर लेख लिहिला आणि लिटरला १२५० ते १३५० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. ती समुद्राचीच आहे.

मोजायचे कसे

डिटमार यांची तोलण्याची पद्धत घरी कोण करणार? येथे मदतीला आले ते झुरिकचे गेरोल्ड श्वार्झेनबाख. १९४० च्या दशकात त्यांनी ईडीटीए या संयुगाने धातूंच्या आयनांचे अनुमापन करण्याची रीत घालून दिली. महाविद्यालयात पाण्याचा दुष्फेनपणा आपण याच रीतीने काढतो. मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या अनेक तपासणी-संचांतही थेंब मोजून हेच केले जाते.

किनाऱ्यालगतच्या शाळांना आमची सूचना आहे की हा प्रयोग अवश्य करावा. नदीच्या मुखापासून दूर, स्वच्छ जागचे समुद्राचे पाणी घ्यावे. त्यातील ५ मिलिलिटर पाणी ऊर्ध्वपातित पाण्याने सुमारे १०० पर्यंत वाढवावे. सामू १० राखून एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालावा आणि ०.०१ मोलर ईडीटीएने अनुमापन करावे. रंग तांबड्याचा निळा होईपर्यंत सुमारे ३२ मिलिलिटर लागतील. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. दुसऱ्या वेळी सोडियम हायड्रॉक्साइडने सामू १२ च्या वर न्यावा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपात बाजूला होते. आता म्युरेक्साइड दर्शक वापरून एकट्या कॅल्शियमला सुमारे ५ मिलिलिटर लागतील. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करून बाकीला दुसऱ्याने भागावे. उत्तर पाचाच्या आसपास येते. ब्युरेटच्या दोन वाचनांतून महासागराचे प्रमाण हाती येते! पावसाळ्यात पाणी कमी खारे असेल, दोन्ही आकडे उतरतील. भागाकार मात्र फारसा हलणार नाही. मार्सेट यांचा निष्कर्ष विद्यार्थ्यांना असा स्वतः पाहता येईल.

मॅग्नेशियमचा पहारा प्रत्यक्ष पाहायचा असेल तर आणखी एक सोपा प्रयोग आहे. तीन चंचुपात्रांत प्रत्येकी एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी, ३० ग्रॅम शुद्ध मीठ आणि दीड ग्रॅम स्फटिकजलयुक्त कॅल्शियम क्लोराइड घ्यावे. पहिले तसेच ठेवावे. दुसऱ्यात १३ ग्रॅम एप्सम मीठ घालावे. तिसऱ्यात साडेसात ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट. तिन्हींत धुण्याच्या सोड्याचे अगदी सौम्य द्रावण सारख्याच गतीने, ढवळत, थेंब थेंब घालावे. कोणते पात्र आधी गढुळते आणि कोणते उशिरा, याची नोंद ठेवावी. तिसरे पात्र कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. एप्सम मिठाबरोबर सल्फेटही आले होते; परिणाम त्याचा नाही ना, हे पाहण्यासाठी.

किती घालायचे

टाकीत मॅग्नेशियम कमी भरले तर लगेच क्षार ओतू नयेत. आधी पाण्याचा खारेपणा पाहावा. हजारात ३५ ऐवजी ३० भागच क्षार असतील, तर मॅग्नेशियम आपोआपच ११०० च्या आसपास दिसेल. तेथे कमतरता मॅग्नेशियमची नसून सर्वच क्षारांची असते.

खारेपणा योग्य असूनही २०० लिटरच्या टाकीत लिटरला ११५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे आणि ते १३०० वर न्यायचे आहे, असे धरू. लिटरला १५० मिलिग्रॅमप्रमाणे ३० ग्रॅम मॅग्नेशियम हवे. स्फटिकजलयुक्त मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये वजनाच्या १२ टक्के मॅग्नेशियम असते, म्हणून ते सुमारे २५० ग्रॅम लागेल. एप्सम मिठात जवळपास १० टक्के, म्हणून सुमारे ३०० ग्रॅम.

दोहोंपैकी कोणते घ्यावे? केवळ क्लोराइड वापरले तर पाण्यातील क्लोराइड अडीच टक्क्यांनीही वाढत नाही, कारण ते मुळातच प्रचंड आहे. केवळ एप्सम मीठ वापरले तर लिटरमागे जवळजवळ ६०० मिलिग्रॅम सल्फेट वाढते. समुद्रात ते असते २७०० मिलिग्रॅम. म्हणजे एकाच वेळी पाचव्या हिश्शाहून अधिक वाढ. यासाठी मुख्य भर क्लोराइडवर ठेवून एप्सम मीठ थोडे मिसळण्याची प्रथा आहे. गॉस यांच्या कृतीतही हेच दोन क्षार होते, हे लक्षात येईल. वाढ एका दिवसात लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आतच ठेवावी. प्रवाळांना अचानक बदल मानवत नाही.

टाकीतला जुना समुद्र

आतापर्यंत आपण समुद्राचे प्रमाण पाचाला एक असे धरून चाललो. ते सदासर्वकाळ असेच होते काय? १९८३ मध्ये फिलिप सँडबर्ग यांनी प्राचीन चुनखडकांचा अभ्यास करून दाखवले की काही कालखंडांत समुद्रात अरॅगोनाइट साचत असे, तर काही कालखंडांत कॅल्साइट. १९९६ मध्ये लॉरेन्स हार्डी यांनी याचा संबंध महासागरांच्या तळाशी जोडला. तेथे मध्य-सागरी पर्वतरांगांत नवा बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचाच खडक, सतत तयार होतो. त्याच्या तापलेल्या भेगांतून समुद्राचे पाणी फिरते तेव्हा खडक मॅग्नेशियम घेतो आणि कॅल्शियम सोडतो. तळ वेगाने पसरला की समुद्राचे प्रमाण घटते. प्रमाण दोनाच्या खाली गेले तर कॅल्साइटला मोकळे रान मिळते. २००१ मध्ये टिम लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी प्राचीन मिठाच्या स्फटिकांत अडकलेले समुद्रजलाचे थेंब तपासून हे चढउतार प्रत्यक्ष दाखवले. क्रिटेशियस कालखंडात हे प्रमाण एकाच्या आसपास उतरले होते. त्या काळी उथळ समुद्रांतील बांधकामात प्रवाळांऐवजी रुडिस्ट नावाच्या शिंपल्यांचे वर्चस्व होते, आणि त्यांच्या बाहेरच्या कवचात कॅल्साइट असे.

मग आजची प्रवाळे त्या समुद्रात ठेवली तर? जस्टिन रीस, स्टीव्हन स्टॅन्ली आणि हार्डी यांनी २००६ मध्ये नेमके हेच केले, अर्थात टाकीत. मॅग्नेशियम निरनिराळ्या प्रमाणात असलेले कृत्रिम सागरजल बनवून त्यांनी तीन जातींची प्रवाळे त्यात वाढवली. मॅग्नेशियमचे प्रमाण जसजसे घटले तसतशी सांगाड्याची वाढ मंदावली, आणि नेहमी अरॅगोनाइट बनवणाऱ्या या प्राण्यांच्या सांगाड्यात कॅल्साइटही दिसू लागले. पुढच्याच वर्षी यारोस्लाव स्टोलार्स्की आणि सहकाऱ्यांनी क्रिटेशियस काळातील एका कठीण प्रवाळाच्या जीवाश्मात मूळचा कॅल्साइटचा सांगाडा असल्याचे दाखवले.

म्हणजे प्रवाळ आपला सांगाडा स्वतः बांधतो हे खरे, पण भोवतीच्या पाण्याचे ऐकून बांधतो. हौशी माणूस पंपावरचा पांढरा थर खरवडताना जे अनुभवत होता, तेच पृथ्वीने कोट्यवधी वर्षांच्या मापाने अनुभवले होते.

पहाऱ्याची मर्यादा

समुद्रात आलेला मॅग्नेशियमचा आयन सरासरीने एक कोटीहून अधिक वर्षे तेथे राहतो. त्यामुळे माणसाच्या इतिहासात समुद्रातील मॅग्नेशियम कमी होण्याची भीती नाही. टाकीत तीन महिन्यांत जी घट होते, ती महासागरात आपल्याला दिसणारही नाही. चिंता दुसऱ्या बाजूची आहे. हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि त्यामुळे पाण्यातील कार्बोनेट आयन घटतात. चुना वाया जाऊ नये म्हणून मॅग्नेशियम पहारा देऊ शकते. कार्बोनेटच कमी पडले, तर ते भरून काढण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही.

उलट या प्रसंगी मॅग्नेशियम एका नाजूक जागी उभे आहे. कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम जितके जास्त, तितके ते सहज विरघळते. भरपूर मॅग्नेशियम असलेले कॅल्साइट तर अरॅगोनाइटहूनही अधिक विद्राव्य असते. चूर्णमय लाल शैवालांचे कॅल्साइट याच प्रकारचे. मोडकी प्रवाळे आणि दगड एकमेकांना सांधून खडक घट्ट करण्याचे काम हीच शैवाले करतात. पाणी बदलू लागले तर सर्वांत आधी ओढ बसेल ती या सांध्यांना.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळे आहेत. वर्गासाठी नमुना म्हणून त्यांचा तुकडासुद्धा आणू नये. २००१ मध्ये खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वर सांगितलेल्या प्रयोगांना प्रवाळ लागतच नाही. बाटलीभर समुद्राचे पाणी, एक ब्युरेट आणि दोन दर्शक एवढे पुरेसे आहे. जो घटक खर्च होत नाही, त्याचेही काम मोजता येते, हे विद्यार्थ्यांनी त्या दोन वाचनांवरून एकदा स्वतः काढून पाहावे.